टोपांची वंशावळ

१९१४ च्या उन्हाळ्यात पहिले महायुद्ध पेटले तेव्हा युरोपातील कोणत्याही मोठ्या सैन्याच्या पायदळाला पोलादी शिरस्त्राण नव्हते. फ्रेंच आणि इंग्रज शिपाई कापडी टोप्या घालून लढत होते. आणि ज्या टोकदार जर्मन टोपाची व्यंगचित्रकारांनी पुढे जगभर थट्टा केली, तो ‘पिकेलहाउबं’ मुख्यतः कमावलेल्या कातड्याचा होता. प्रशियाने तो १८४२ मध्ये स्वीकारला होता. दरारा निर्माण करणे हे त्याचे काम होते आणि ते त्याने सत्तर वर्षे चोख केले. मात्र फुटणाऱ्या तोफगोळ्याच्या तुकड्यांना दराऱ्याची पर्वा नसते.

मग घाई झाली. फ्रेंच अधिकारी ऑग्युस्त-लुई आद्रियाँ याने आधी कापडी टोपीखाली घालायची पोलादी वाटी काढली आणि १९१५ मध्येच पुरे शिरस्त्राण. त्याच वर्षी जॉन ब्रॉडी याने इंग्रजांसाठी पोलादी पत्र्याच्या एकाच तुकड्यातून दाबून काढलेला, पसरट कडेचा टोप आणला. जर्मनांचा ‘श्टाल्हेल्म’ फ्रीडरिख श्वेर्डच्या आराखड्यानुसार १९१६ मध्ये व्हर्दूनच्या आघाडीवर पोचला. गंमत अशी, की या तिन्ही ‘आधुनिक’ वस्तूंना जुनी नाती होती. आद्रियाँचा टोप पॅरिसच्या अग्निशामकांच्या टोपाचा भाऊबंद होता, तर ब्रॉडीचा आणि श्वेर्डचा थेट मध्ययुगीन पायदळाच्या टोपांकडे बोट दाखवणारा.

हे नाते ओळखायला जो माणूस सर्वांत योग्य होता, तो व्यवसायाने प्राणिशास्त्रज्ञ होता. बॅशफर्ड डीन (१८६७–१९२८) कोलंबिया विद्यापीठात प्राणिशास्त्राचा प्राध्यापक. माशांचा, त्यातही कवच असलेल्या प्राचीन माशांच्या जीवाश्मांचा तो जाणकार. आणि त्याच वेळी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातील शस्त्र-चिलखत विभागाचा पहिला अभिरक्षक. दोन्हीकडे त्याने कवचच अभ्यासले, असे म्हणता येईल. जीवशास्त्रज्ञ प्रजातींच्या वंशावळी मांडतात, तशा त्याने शिरस्त्राणांच्या वंशावळी काढल्या. कोणत्या आकारातून कोणता आकार निघाला, कोणती शाखा खुंटली, हे त्या तक्त्यांत दिसते.

अमेरिका युद्धात उतरल्यावर डीनला मेजरचा हुद्दा मिळाला आणि त्याने संग्रहालयाच्या चिलखत-कार्यशाळेत नव्या शिरस्त्राणांचे नमुने घडवून घेतले. एका नमुन्यावर आक्षेप आला, की तो जर्मन टोपासारखा दिसतो. रणांगणावर हा आक्षेप क्षुल्लक नव्हे. आकारावरूनच आपला आणि परका ओळखायचा असतो. शेवटी अमेरिकन शिपाई ब्रॉडीच्याच पद्धतीचा टोप घालून लढले. डीनची मेहनत उरली ती १९२० साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या आधुनिक युद्धातील शिरस्त्राणे आणि चिलखते या विषयावरील ग्रंथात. आजचे संग्राहक तो ग्रंथ अजून उघडतात.

आजचा संग्राहक मात्र वंशावळीपेक्षा अस्सलपणाच्या चिंतेत अधिक असतो. टोपाच्या आतल्या बाजूला ठोकलेली अक्षरे तो भिंगाखाली वाचतो. ‘ई.टी.’ आणि ‘६४’ असे दिसले, तर टोप जर्मनीतील थालेच्या कारखान्याचा आणि मापाचा आकडा चौसष्ट. मग अस्तर मूळचे की मागाहून बसवलेले, हनुवटीचा पट्टा त्याच काळातला का, रंगावर रंग चढला आहे का. साहित्याच्या अभ्यासकाला ही पद्धत अनोळखी वाटू नये. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली तेव्हा त्यांच्यापुढेही मूळ कोणते आणि मागाहून शिरलेले कोणते, हाच प्रश्न होता. फरक एवढाच, की प्रक्षिप्त ओव्या घालणाऱ्याला त्यातून पैसा मिळत नसे. नाझी चिन्हांचे टोप महाग विकले जातात, म्हणून साध्या टोपावर नवी चिन्हे चिकटवून ती जुनाट दिसतील अशी घासणारे कारागीर आहेत. जर्मन दंडसंहितेच्या ८६-अ कलमाने अशा चिन्हांचे जाहीर प्रदर्शन गुन्हा ठरते. इतिहास, संशोधन, कला यांना अपवाद आहे. दिवाणखान्यातली काचपेटी त्या अपवादात बसते का, हे संग्राहकाने स्वतःलाच विचारायचे असते. सगळेच ते विचारतात, असे मला वाटत नाही.

आणि अस्सल म्हणजे तरी काय? १९१९ मध्ये न्यूयॉर्कच्या पार्क अव्हेन्यूवर, युद्धकर्जाच्या रोख्यांचा प्रचार म्हणून, हजारो जर्मन टोपांचा पिरॅमिड उभारला होता. त्याचे छायाचित्र पाहताना प्रत्येक टोपामागे एक मेलेला माणूस दिसू लागतो. पण त्यांतले कित्येक टोप कोठारांतून थेट आलेले, कुणाच्याही डोक्यावर न चढलेले होते. संग्राहकाच्या हिशेबात असा न वापरलेला टोप उलट जास्त मोलाचा!

१९४५ नंतरच्या उद्ध्वस्त जर्मनीत भांड्यांची टंचाई होती, तेव्हा उरलेल्या श्टाल्हेल्मना भोके पाडून चाळण्या केल्या गेल्या, काहींना दांडा लावून डाव केले. तीही आता संग्रहालयांत ठेवलेली आढळतात. त्या चाळण्या मला डीनच्या वंशावळीतील सर्वांत बोलकी शाखा वाटतात, जरी तो त्या पाहायला हयात नव्हता.

एक रकाना मात्र अशा संग्रहांत रिकामाच राहतो. १९१४ च्या शरदात फ्रान्सच्या खंदकांत उतरलेले हिंदी पायदळ १९१५ च्या अखेरीस तेथून हलवले गेले. ब्रॉडीचे टोप तेव्हा कुठे आघाडीवर येऊ लागले होते आणि इंग्रज पलटणींनाही पुरत नव्हते. ते वर्ष हिंदी शिपायांनी मुख्यतः पागोट्यांत काढले. कापड लोखंडासारखे टिकत नाही, आणि त्याच्या आतल्या बाजूला कारखान्याचा शिक्काही नसतो.