एक पत्ता, अनेक टपालघरें



पत्र लिहिणारास एकच पत्ता ठाऊक असतो. तें पोंचविणारीं टपालघरें मात्र अनेक असतात. या दोहोंचा मेळ कसा घालावा, हा प्रश्न टपालाइतकाच जुना आहे.

मुंबईचेंच पाहा. नगर वाढत गेलें, तसें 'मुंबई' एवढें नांव अपुरें पडूं लागलें. म्हणून शहराचे विभाग पाडून त्यांस क्रमांक दिले गेले. गिरगांव ४, दादर २८. हीच अडचण देशभर होती. आमच्या वसईकडेच भुईगांव बुद्रुक आणि भुईगांव खुर्द अशीं दोन गांवें आहेत. मग महाराष्ट्रांत वडगांवें नि पिंपळगांवें किती असतील! शिवाय भाषा निराळ्या, लिप्या निराळ्या. संस्कृतज्ञ आणि केंद्राच्या दळणवळण खात्यांतील ज्येष्ठ अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या योजनेनें १५ ऑगस्ट १९७२ रोजीं पिनकोड सुरू झाला. सहा आंकड्यांपैकीं पहिला विभागाचा, दुसरा उपविभागाचा, तिसरा वर्गवारीच्या जिल्ह्याचा आणि शेवटचे तीन प्रत्यक्ष वाटप करणाऱ्या टपालघराचे. मुंबईचे जुने क्रमांकही त्यांत सामावले. दादर ४०००२८ झालें.

ई-मेललाही हेंच कोडें पडलें. १९८६ सालीं क्रेग पार्ट्रिज यांनीं नियम मांडले, ते असे: प्रत्येक डोमेनच्या नांवापुढें त्याचें टपाल स्वीकारणाऱ्या सर्व्हरांची यादी अग्रक्रमानें असावी, पहिला बंद असल्यास पत्र दुसऱ्याकडे जावें. परंतु ही यादी संस्थेचें दार दाखविते, माणसाचें नव्हे. एकाच संस्थेचा एक कारकून पुण्यास, दुसरा नागपुरास. दोघांचें डोमेन एकच. तेव्हां दारावरील सर्व्हरानें नांवनिशी पाहून पत्र योग्य गांवीं धाडावें लागतें. पुण्याच्या सर्व्हरानें 'सारें डोमेन माझेंच' असें मानलें, तर नागपूरकराचें पत्र 'असा कोणी इसम नाहीं' या शेऱ्यानिशीं परत जाईल. दोघांनींही अनोळखी पत्र एकमेकांकडे लोटलें, तर तें वाटेंतच फिरत राहील.

पिनकोडानें वर्गवारीचें ओझें लिहिणाराच्या हातीं दिलें. ई-मेलनें तें घेणाराच्या दारीं ठेविलें. म्हणून टपालघरें कितीही असोत, नांवनिशी मात्र एकच आणि बिनचूक असावी. नोकरीचें बोलावणें वा आजाऱ्याची खबर कोणाच्या तरी हातीं वेळेवर पडणें, हें तिच्यावरच अवलंबून असतें.