वसईचे पाणी आणि मतदाराचा धर्म



आजच्या व्याख्यानाचा विषय वाचून आपल्यापैकी काहींनी मनाशी म्हटले असेल की, कामगार संघटनेत उभी हयात घालविलेल्या माणसाला ख्रिस्ती धर्माची आणि वसईच्या विहिरींची ही उठाठेव कशासाठी? शंका रास्त आहे. मी ख्रिस्ती नाही. कॉलेजची पायरीही मी चढलो नाही. जे काही वाचले ते युनियनच्या कचेरीत, दुसरी पाळी सुटण्याची वाट पाहत वाचले. तरीही हा विषय मी मागून घेतला, आणि त्याचे कारण सांगितल्यावाचून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

काही वर्षांपूर्वी कापडावर रंगप्रक्रिया करणाऱ्या एका कारखान्याला नदी नासवल्याबद्दल टाळे लागले. कामगारांचे पगार थांबले. मी फाटकावर सभा घेतली, मोर्चा काढला आणि ‘आधी पोट, मग नदी’ अशी घोषणा दिली. घोषणा लोकांच्या तोंडी चटकन बसली. कारखाना सुरू झाला, हारतुरे झाले. माझी थोरली बहीण नदीकाठच्या गावात दिलेली आहे. पुढच्या खेपेस तिच्याकडे गेलो तेव्हा ती म्हणाली, ‘‘तुझ्या कामगारांच्या चुली पेटल्या, बरं झालं बघ. पर आमच्या घागरीत काय वतायचं, तेवढं सांगून जा.’’ मला उत्तर सुचले नाही. उत्तर शोधता शोधता मी वसईच्या इतिहासापाशी येऊन पोहोचलो.

वसई म्हटली की आपल्याला चिमाजी आप्पा आठवतात. 1534 साली गुजरातच्या सुलतानाकडून पोर्तुगिजांकडे गेलेला हा मुलूख 1739 साली मराठ्यांनी जिंकला. पोर्तुगीज गेले, पण त्यांच्या काळात ख्रिस्ती झालेली गावे तेथेच राहिली. ही माणसे परकी नव्हेत. मराठीच्याच बोली बोलणारी, केळी, पानवेली आणि भाजीपाला पिकवणारी ही शेतकरी मंडळी. त्यांची सारी बागायत उभी होती ती विहिरींवर आणि ‘बावखल’ नावाच्या पाणसाठ्यांवर. रहाटाने पाणी काढावयाचे. म्हणजे जेवढे बैलाच्या बळाने वर येईल तेवढेच निघावयाचे. राहिलेले पाणी जमिनीच्या पोटात सुरक्षित असे.

समुद्राकाठच्या विहिरीचे शास्त्र थोडे निराळे आहे. गोडे पाणी हलके, खारे पाणी जड; म्हणून जमिनीखाली गोड्या पाण्याचा थर खाऱ्यावर तरंगत असतो. गोड्या पाण्याची पातळी एक हात खाली गेली, तर तळाचे खारे पाणी कालांतराने सुमारे 40 हात वर चढू पाहते, असा त्याचा हिशेब शास्त्रज्ञ सांगतात. म्हणजे अशा विहिरीतून हावरेपणाने उपसा केला की ती नुसती आटत नाही, ती खारट होते. मग केळीही जाते आणि पिण्याचे पाणीही जाते.

1980 नंतरच्या दशकात नेमके हेच घडू लागले. मुंबईची वाढ लोहमार्गाने विरारपर्यंत पोहोचली. इमारती उठू लागल्या आणि त्यांच्यासाठी गावच्या विहिरींचे पाणी टँकरने वाहून जाऊ लागले. याविरुद्ध त्या दशकाच्या अखेरीस ‘हरित वसई संरक्षण समिती’ उभी राहिली, आणि तिचे नेतृत्व केले एका कॅथलिक धर्मगुरूने. फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे त्यांचे नाव. 1942 साली वसईतील नंदाखाल येथे त्यांचा जन्म झाला. ‘सुवार्ता’ मासिकाचे ते अनेक वर्षे संपादक होते. 2020 साली उस्मानाबादच्या, म्हणजे आजच्या धाराशिवच्या, साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद महाराष्ट्राने त्यांना दिले. 25 जुलै 2024 रोजी ते निवर्तले.

धर्मगुरूने टँकर अडवावेत काय? हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला. त्याचे उत्तर बायबलच्या पहिल्याच पुस्तकात आहे. देवाने माणसाला बागेत ठेवले ते तिची मशागत करण्यासाठी आणि राखण करण्यासाठी, असे तेथे सांगितले आहे. मशागत आणि राखण ही दोन कामे एकत्र सांगितली आहेत, हे आपल्यासारख्या शेतकऱ्यांच्या मुलखात फोड करून सांगावयास नको. राखणदार म्हणजे मालक नव्हे. मालक येऊन हिशेब मागणार आहे, हे ज्याला ठाऊक असते तो राखणदार.

समितीच्या मोर्चांना हजारो माणसे लोटली. ख्रिस्ती होती, तशी हिंदूही होती. धमक्या आल्या, तरी चळवळ मोडली नाही. 1990 साली वसई-विरार भागाच्या नियोजनाचे काम ‘सिडको’कडे गेले, तेव्हा हिरवा पट्टा राखण्यासाठी पुन्हा झगडा झाला. येथवरची कथा सरळ आहे आणि ऐकावयास गोडही आहे. परंतु इतिहास येथे थांबत नाही.

ज्या तालुक्यात असे मोर्चे निघत होते, त्याच तालुक्याने 1990 पासून 2004 पर्यंतच्या चारही विधानसभा निवडणुकांत श्री. हितेंद्र ठाकूर यांना निवडून दिले. आणि त्यांच्या राजकारणाला या चळवळीचा उघड विरोध होता. मोर्चा एकीकडे आणि मत दुसरीकडे, असे का झाले? मतदार फसला, असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. मला ते मान्य नाही.

18 जानेवारी 1982 रोजी मुंबईत गिरण्यांचा संप सुरू झाला. तो संप कसा बुडाला, हे माझ्या पिढीच्या कार्यकर्त्याला कोणी सांगावयास नको. गिरणगावातून उखडलेली कितीतरी कुटुंबे पुढे नालासोपारा-विरारकडे गेली, कारण तेथेच त्यांच्या ऐपतीची खोली मिळत होती. त्या माणसाला छप्पर हवे होते, नळ हवा होता, सकाळची गाडी हवी होती. त्याच्या दृष्टीने हिरवी वसई म्हणजे दुसऱ्याची वाडी. ती राखली तर आपली खोली कोठे बांधावयाची, असे त्याला वाटले असेल, तर त्यात नवल नाही. ती माणसे माझी होती. चळवळीने विहीर राखली. परंतु या तहानलेल्या शेजाऱ्याला आपल्या मागणीत जागा कशी द्यावयाची, हे कोडे तिला पुरते सुटले नाही. शिवाय हेही म्हटले पाहिजे की, जमिनी विकणारे सगळेच काही बाहेरचे नव्हते.

पुढे तहान भागली ती कशी? सूर्या प्रकल्पाचे पाणी नळांनी वसई-विरारला आले. ते धरण आदिवासी भागातले. तेथील शेतीला पाणी मिळेल असे सांगून बांधलेले. म्हणजे वसईच्या विहिरीवरचा भार हलका झाला आणि तो आदिवासी शेतकऱ्याच्या खांद्यावर गेला. पाण्याच्या हिशेबात जे एकाच्या जमेस मांडले जाते, ते पुष्कळदा दुसऱ्याच्या खर्ची पडलेले असते.

मत आणि मोर्चा यांची गाठ एकदा मात्र पडली. 3 जुलै 2009 रोजी चार नगरपालिका आणि 53 गावे एकत्र करून वसई-विरार महानगरपालिका स्थापन झाली. पश्चिमेकडच्या गावांनी विरोध केला. गाव महापालिकेत गेले की शेताचा भूखंड होणार, हे भय त्यामागे होते. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात विधानसभेची निवडणूक आली आणि श्रमजीवी संघटनेचे श्री. विवेक पंडित अपक्ष म्हणून वसईतून निवडून आले. वेठबिगार सोडविण्याचे काम केलेला हा कार्यकर्ता. मागणी एकच होती आणि ती सर्वांना समजणारी होती, म्हणून मते एकवटली. 2011 साली शासनाने 29 गावे वगळण्याचा निर्णयही केला. परंतु प्रकरण न्यायालयात गेले आणि वर्षानुवर्षे रेंगाळले. 2014 साली पंडित पराभूत झाले. एका निवडणुकीने दार किलकिले होते. ते उघडे ठेवण्यासाठी पाय आत घालून उभे राहावे लागते. करार एकदा सही झाला म्हणून संघटना बरखास्त करीत नाहीत, हे कामगाराला कळते. मतदाराला ते अजून कळावयाचे आहे.

2018 च्या जुलैमध्ये वसई-नालासोपारा परिसर कित्येक दिवस पाण्याखाली होता, लोहमार्ग बुडाले. ज्या बावखलांत आणि सखल जमिनींत पूर्वी पावसाचे पाणी विसावत असे, त्यांतील बऱ्याच जागी भराव पडून बांधकामे झाली होती. त्या पाण्याने वाडीवाला आणि खोलीवाला असा भेद केला नाही.

आता फादर दिब्रिटो स्वतः निवडणुकीस का उभे राहिले नाहीत, असा प्रश्न येतो. कॅथलिक चर्चच्या 1983 च्या धर्मविधिसंहितेप्रमाणे धर्मगुरूला सत्तेचे पद घेता येत नाही. पक्षाच्या कामात आणि कामगार संघटनेच्या कारभारातही वरिष्ठांच्या संमतीवाचून पुढाकार घेता येत नाही. मला हा नियम प्रथम विचित्र वाटला. कारण याच चर्चच्या तेराव्या लिओ पोपने 1891 साली कामगारांच्या संघटना करण्याच्या हक्काला आपल्या परिपत्रकात मान्यता दिली होती. विचार केल्यावर त्यातील शहाणपण ध्यानात आले. धर्मगुरूने सदसद्विवेक जागा करावा. खुर्चीवर कोणाला बसवावयाचे, ते नागरिकाने ठरवावे.

आपला कायदाही हीच रेषा ओढतो. 1990 च्या निवडणुकीतील सांताक्रूझ मतदारसंघाचा एक खटला चालत चालत सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांपुढे गेला. 2 जानेवारी 2017 रोजी चार विरुद्ध तीन अशा बहुमताने निर्णय झाला की, उमेदवाराच्याच नव्हे, तर मतदाराच्या धर्माच्या वा जातीच्या नावानेही मत मागता येणार नाही. तेव्हा ‘ख्रिस्ती आहेस म्हणून अमक्याला मत दे’ असे म्हणणे निवडणूक कायद्याप्रमाणे भ्रष्ट आचरण ठरेल. परंतु ‘विहीर राखणाराला मत दे’ असे म्हणण्यास कोणाची आडकाठी नाही. श्रद्धेतून कळकळ घ्यावी आणि मत पाण्यासाठी मागावे.

या साऱ्या विचाराला जागतिक रूप आले ते 2015 साली. पोप फ्रान्सिस यांनी त्या वर्षी पृथ्वीच्या जतनाविषयी ‘लाउदातो सी’ हे परिपत्रक काढले. त्यात ते दोन गोष्टी सांगतात. पृथ्वीची हाक आणि गरिबाची हाक वेगळ्या नाहीत, ही पहिली. आणि गावापासून देशापर्यंतच्या राजसत्तेवर नागरिकांचा अंकुश नसेल, तर निसर्गाचा नाश आटोक्यात येणार नाही, ही दुसरी. निवडणुकीवर डोळा ठेवून चालणाऱ्या राजकारणाला दूरचे दिसत नाही, असेही ते बजावतात. माझ्या बहिणीने घागर दाखवून जे विचारले, तेच रोमच्या धर्मपीठाने विचारले. 2025 च्या एप्रिलमध्ये पोप फ्रान्सिस निधन पावले. त्यांच्यानंतर आलेल्या पोपने लिओ हेच नाव घेतले आहे. कामगार आणि पृथ्वी ही दोन्ही खाती आता एकाच वहीत आली, असे मी समजतो.

आता आपल्या उंबऱ्याशी येतो. छत्रपती शाहू महाराजांनी आपल्या जन्मदात्या वडिलांच्या नावाने वसविलेले, सरळ रेषेत आखलेल्या रस्त्यांचे हे आपले गाव. चार कोसांच्या आत कृष्णा आणि पंचगंगा एक होतात. 2005, 2019 आणि 2021 या तीन सालांचे महापूर शिरोळ तालुक्याने पाहिले. हवा एक अंशाने तापली की तिच्यात सुमारे 7 टक्के जास्त बाष्प मावते; म्हणून पडतो तेव्हा पाऊस कोसळतो. ऑगस्ट 2019 मध्ये आपण माणसे आणि गुरे बाहेर काढीत होतो. 21 ऑक्टोबर 2019 रोजी आपण रांगेत उभे राहून मत दिले. मधे अडीच महिनेही गेले नव्हते. त्या अडीच महिन्यांत पूररेषेत बांधकामाला परवानगी कोण देतो, नदीत मैला आणि रंगाचे पाणी कोण सोडतो, हे उमेदवाराला मी विचारले नाही. आपणही आपापल्या मनाला विचारून पाहावे. आपण जात विचारली, पक्ष विचारला, ‘आपला माणूस’ कोण ते विचारले. पाण्याचे विचारले नाही.

मी माझी जुनी घोषणा आज मागे घेतो. ‘आधी पोट, मग नदी’ ही घोषणा मालकाला सोयीची होती. कारण पोट आणि नदी एकमेकांसमोर उभी राहिली की सांडपाणी शुद्ध करण्याचा खर्च त्याला टळतो. मोर्चा मला काढावयाचाच होता. पण मागणी अशी हवी होती की, शुद्धीकरणाची यंत्रणा बसेपर्यंत कारखाना बंद राहावा आणि तोवरचा पगार मालकाने द्यावा. त्या मागणीत माझा कामगारही बसला असता आणि माझी बहीणही. मग तीच मागणी घेऊन उमेदवाराच्या दारात जाता आले असते. वसईला गिरणी कामगाराची खोली आणि शेतकऱ्याची विहीर एका मागणीत बसवता आली नाही. मला कामगाराची चूल आणि नदीकाठची घागर बसवता आली नाही. चूक एकाच जातीची आहे.

शेजाऱ्यावर आपल्यासारखेच प्रेम करावे, ही ख्रिस्ती धर्माच्या मुख्य आज्ञांपैकी एक. नदीकाठच्या माणसाला तिचा अर्थ फार सोपा आहे. आपला शेजारी म्हणजे आपल्या खालच्या अंगाला पाणी भरणारा. पुढच्या निवडणुकीत उमेदवार आपल्या गल्लीत येईल, हात जोडील. त्याला आपण एवढेच विचारू या की, खालच्या गावाला कसले पाणी जाणार आहे. आणि उत्तर कागदावर मागून घेऊ या. तो कागद पाच वर्षे जपून ठेवणे, हे मात्र आपले काम.

बहिणीच्या प्रश्नाचे उत्तर मी अजून दिलेले नाही. ते एकट्याने देता येण्यासारखे नाही, म्हणून आपल्यापुढे मांडले.