नंबर आपला की कंपनीचा?

गेल्या महिन्यात आमच्या घरी एक पोरगा आला होता. गळ्यात आयडी कार्ड, हातात टॅब. म्हणाला, सर, घरचं वाय-फाय, चारही मोबाईल आणि दुकानचा फोन, सगळं आमच्याकडं घ्या. एकच बिल, राउटर फुकट. मी घरून काम करतो आणि आमचं सध्याचं नेट, कंपनीचं नाव घेत नाही, नेमकं सकाळच्या मीटिंगला डुलकी काढतं. त्यामुळं मी तिथंच हो म्हणणार होतो. पण बाबांनी विचारलं, "दुकानचा नंबर त्योच राहणार न्हवं?"

पोरगा जरा घुटमळला. "मोबाईलचे राहतील काका. लँडलाईनचा नवीन मिळेल."

बाबांनी त्याला चहा पाजला आणि वाटेला लावलं.

आमचं उद्यमनगरात मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. शून्य दोन तीन एकनं सुरू होणारा तो नंबर करवीर, पन्हाळा, कागल तालुक्यांतल्या कितीतरी विहिरींवर, स्टार्टरच्या पेटीच्या आतल्या बाजूला ऑइल पेंटनं लिहिलेला आहे. मोटर जळली की शेतकरी पेटी उघडतो आणि तो नंबर फिरवतो. गुगल वगैरे नंतर. मग मला प्रश्न पडला, मोबाईलचा नंबर सोबत नेता येतो आणि लँडलाईनचा नाही, हे ठरवलं कुणी?

थोडं मागं जाऊया. १९८० च्या दशकात देशात शंभर माणसांमागे एकसुद्धा फोन नव्हता. नंबर लावायचा आणि वर्षानुवर्षं वाट बघायची. परगावी बोलायचं तर ट्रंक कॉल बुक करायचा, ऑर्डिनरी, अर्जंट किंवा लायटनिंग, खिशाप्रमाणं. त्या काळचे संचारमंत्री सी. एम. स्टीफन यांच्या नावावर एक उत्तर सांगितलं जातं. फोन नीट चालत नाहीत अशी तक्रार झाली, तर म्हणे ते म्हणाले, ज्याला पटत नसेल त्यानं फोन परत करावा, रांगेत बरेच जण उभे आहेत. म्हणजे कंपनी बदलायचा पर्याय तेव्हाही होता, फक्त दुसरी कंपनी नव्हती!

१९८४ मध्ये सी-डॉट सुरू झालं, देशी एक्सचेंज बनू लागली, आणि गल्लोगल्ली पिवळ्या पाट्यांचे एसटीडी-पीसीओ आले. आमच्या जिल्ह्यात घरटी फौजी असलेली गावं आहेत. रात्री उशिरा दर कमी व्हायचे, तेव्हा बूथबाहेर रांग लागायची. माझी आई अजून सांगते, डोळे मीटरवरच्या लाल आकड्यांवर असायचे आणि बोलायचं विसरून जायचं.

मोबाईल आला १९९५ मध्ये. ३१ जुलैला ज्योती बसूंनी कोलकात्याहून सुखरामना दिल्लीत पहिला कॉल केला. देशाचे सर्कल पाडले गेले. मुंबई वेगळी, आणि कोल्हापूरसकट उरलेला महाराष्ट्र गोव्याबरोबर. आपल्या सर्कलमधल्या पहिल्या दोन खाजगी कंपन्या म्हणजे बिर्ला एटी अँड टी आणि बीपीएल. पहिलीची पुढं आयडिया झाली. दुसरीचा इथला धंदा हचकडं आणि मग व्होडाफोनकडं गेला. आणि २०१८ मध्ये व्होडाफोन-आयडिया एक झाल्या. म्हणजे तेव्हा एखाद्यानं लई डोकं लावून दोघांतली एक निवडली असेल, तर तो आज कुठल्याही वाटेनं एकाच दुकानात पोचला असता.

त्या काळात इनकमिंगलाही पैसे पडायचे, ते २००३ मध्ये थांबलं. त्याच वर्षी रिलायन्सनं ५०१ रुपयांत हँडसेट हातात दिला. पण तो सीडीएमए. कंपनी सोडायची तर हँडसेटही सोडा आणि नंबरही. एकदा नंबर व्हिजिटिंग कार्डावर छापला की माणूस अडकला.

ही अडकाअडकी सुटली ती पोर्टिंगनं. २५ नोव्हेंबर २०१० ला हरियाणात आणि २० जानेवारी २०११ पासून देशभर. फी जास्तीत जास्त १९ रुपये. आतली गंमत सांगतो, कारण हे माझं आवडतं खातं आहे. आधी नंबरचे सुरुवातीचे आकडे बघूनच कॉल कुठल्या कंपनीकडं पाठवायचा ते ठरायचं. नंबर म्हणजेच पत्ता. पोर्टिंगसाठी मध्ये एक डेटाबेस बसवला. कॉल लागायच्या आधी तिथं विचारायचं, हा नंबर सध्या कुणाकडं आहे? उत्तरात एक राउटिंग कोड येतो आणि कॉल तिकडं वळतो. प्रोग्रामिंगवाल्यांनो, चक्क पॉइंटर!

पण तेव्हाही एक कुंपण राहिलंच होतं. नंबर सर्कलच्या बाहेर नेता यायचा नाही. कोल्हापूरकराला हे मुंबईकरापेक्षा जास्त टोचायचं. कागल संपलं, दूधगंगा ओलांडली, कोगनोळी नाका आला की मोबाईलवर रोमिंगचा मेसेज. आमच्या ताईचं सासर निपाणी, घरापासून तासाभरावर. २०१३ मध्ये लग्न झालं आणि आडनावाबरोबर नंबरही बदलला, कारण निपाणी कर्नाटक सर्कलमध्ये. सीमाभाग म्हटलं की आपण भाषेचं राजकारण बोलतो, हे कुणी बोलत नाही. ३ जुलै २०१५ ला देशभर पोर्टिंग खुलं झालं. ताई अजून म्हणते, दोन वर्षं थांबले असते तर नंबर राहिला असता. भावजी ऐकून न ऐकल्यासारखं करतात.

लँडलाईनचं मात्र तिथंच अडलं. शून्य दोन तीन एक म्हणजे कोल्हापूर, पुढचे आकडे एक्सचेंजचे. पत्ता अजून नंबरातच आहे. तांत्रिकदृष्ट्या अशक्य नाही. अमेरिकेत घरच्या फोनचे नंबर १९९० च्या दशकाच्या शेवटी पोर्ट व्हायला लागले होते. माझं मत विचाराल तर, आपल्याकडं लँडलाईनला स्पर्धा आली तोवर लोक मोबाईलवर गेले होते, म्हणून कुणाला घाई वाटली नाही.

ब्रॉडबँडचं गणित वेगळं. तिथं नंबर नाही, वायर आहे. २००५ मध्ये बीएसएनएलचं डेटावन आलं. ५०० रुपयांच्या प्लॅनमध्ये रात्री २ ते सकाळी ८ डाउनलोड फुकट. माझा चुलतभाऊ दोनचा गजर लावून उठायचा, अभ्यासाला कधी उठला नसेल. आज आमच्या गल्लीच्या खांबावर चार-पाच कंपन्यांच्या फायबर आहेत, पण कितीतरी ठिकाणी शेवटचा माणूस तोच, जुना केबलवाला. म्हणून कंपनीची जाहिरात बघण्याआधी खांब बघा. वायर कुठून येते, तुटली तर कोण चढणार, हे शेजाऱ्याला विचारा.

आणि दुसरी गोष्ट पंचगंगेची. २०१९ ला राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फूट ७ इंचांवर गेलं, २०२१ ला ५६ फूट ३ इंचांवर. धोक्याची पातळी ४३. वीज गेली की टॉवर बॅटरीवर आणि डिझेलवर, आणि रस्ता बंद झाला की डिझेलही नाही. २०१९ ला आमच्या घरात एका सिमला रेंज होती, बाकी तिन्ही मुकी. त्या एका सिमवरून अर्ध्या गल्लीनं नातेवाइकांना फोन केले. सगळं एका कंपनीकडं, एकच बिल, हे ऐकायला छान आहे, पण मला तो दिवस आठवतो.

मग आम्ही काय केलं? घरचं नेट बदललं, पलीकडच्या खांबावरून येणारी फायबर घेतली. माझं सिम नेटवाल्या कंपनीचं नाही, मुद्दाम. दुकानचा फोन आहे तिथंच आहे. राहिली आई. जुलै २०२४ ला तिन्ही खाजगी कंपन्यांनी दर वाढवले, आणि त्या एका महिन्यात बीएसएनएलचे सुमारे २९ लाख ग्राहक वाढले. तेव्हापासून ती मागं लागली होती, मला स्वस्तातलं करून दे. परवा तिच्या मोबाईलवरून १९०० ला मेसेज टाकला. कोड आलाय, चार दिवस चालतो. आज दुसरा दिवस, आणि ती अजून विचारतेय की भिशीच्या ग्रुपमधलं सगळं तसंच राहणार ना.