दाभाडे घराणे
दाभाडे घराणे : मराठ्यांच्या इतिहासातील सेनापतिपद भूषविणारे एक प्रसिद्ध घराणे. मूळ गाव पुणे जिल्ह्याच्या मावळ भागातील तळेगाव. देहूरोडच्या वायव्येस असलेले हे गाव याच घराण्यावरून तळेगाव दाभाडे म्हणून ओळखले जाते. तेथील पाटिलकी या घराण्याकडे होती.

घराण्याचा ज्ञात पूर्वज बजाजी. त्याचा मुलगा येसाजी हा शिवाजी महाराजांच्या सेवेत होता. राजाराम महाराजांच्या जिंजीच्या प्रवासात येसाजी व त्याचा मुलगा खंडेराव यांनी त्यांना साथ दिली. या एकनिष्ठ सेवेमुळे पाटिलकीचे हे घराणे सरदारकीस चढले.

खंडेराव (मृ. १७२९) हा घराण्यातील सर्वांत कर्तबगार पुरुष होय. त्याने बागलाण व गुजरातमध्ये मराठ्यांचा अंमल रुजविला. सुरत-बऱ्हाणपूर मार्ग त्याने रोखून धरला आणि १७१६ मध्ये त्याच्यावर पाठविलेल्या झुल्फिकार बेग या मोगल सरदाराचा पराभव केला. शाहूने १७१७ मध्ये त्यास सेनापतिपद दिले. बाळाजी विश्वनाथाबरोबर तो दिल्लीच्या स्वारीतही होता (१७१९). बाळापूरच्या लढाईत (१७२०) त्याच्या पदरचा दमाजी गायकवाड विशेष चमकला. बडोद्याच्या गायकवाड घराण्याच्या उदयाचा प्रारंभ येथून होतो. देहूजवळील इंदोरीचा भुईकोट किल्ला दाभाड्यांचाच होय.

खंडेरावानंतर त्याचा ज्येष्ठ पुत्र त्रिंबकराव सेनापती झाला. गुजरातच्या चौथाईत पहिल्या बाजीरावाने हात घातल्यामुळे दोघांत वितुष्ट आले. सेनापती व पेशवा हे दोघेही छत्रपतींचे नोकर. तेव्हा एकाने दुसऱ्याच्या मुलखात का शिरावे, हा दाभाड्यांचा प्रश्न होता. त्रिंबकरावाने निजामाशी संधान बांधले. पण त्यांची हातमिळवणी होण्यापूर्वीच बाजीरावाने त्यास डभईजवळ गाठले. १ एप्रिल १७३१ रोजी झालेल्या लढाईत त्रिंबकराव मारला गेला. शाहूने मध्यस्थी करून सेनापतिपद त्याचा धाकटा भाऊ यशवंतराव यास दिले. गुजरातचा कारभार दाभाड्यांकडेच राहिला. मात्र निम्मा महसूल पेशव्यांमार्फत सरकारात भरण्याचे ठरले.

यशवंतराव अल्पवयीन असल्याने कारभार त्याची आई उमाबाई (मृ. १७५३) हिने हाती घेतला. ती नाशिक जिल्ह्यातील अभोण्याच्या ठोके देशमुखांची कन्या. सप्तशृंगी गडावरील जुन्या पायऱ्या तिनेच बांधल्याचे सांगतात. गुजरातचा मोगल सुभेदार अभयसिंग याने १७३२ मध्ये पिलाजी गायकवाडाचा डाकोर येथे खून करविला, तेव्हा ती फौजेसह अहमदाबादवर चालून गेली आणि चौथाई व सरदेशमुखी मान्य करवून परतली. पुढे यशवंतराव व्यसनाधीन निघाला आणि प्रत्यक्ष सत्ता पिलाजीचा मुलगा दुसरा दमाजी याच्या हाती गेली.

शाहूच्या मृत्यूनंतर (१७४९) बाळाजी बाजीरावाने गुजरातच्या निम्म्या वाट्याची निकडीने मागणी केली. उमाबाईने नोव्हेंबर १७५० मध्ये आळंदी येथे त्याची भेट घेतली. परंतु समेट झाला नाही. तेव्हा तिने ताराबाईचा पक्ष घेऊन दमाजीस साताऱ्याकडे धाडले. १७५१ मध्ये दमाजी पेशव्यांच्या हाती सापडला. दाभाडे मंडळींनाही कैद झाली. पुढील वर्षी दमाजीने निम्मा गुजरात पेशव्यांना देऊन व सालिना सव्वापाच लाख रुपये खंडणी कबूल करून आपली सुटका करून घेतली आणि दाभाड्यांची चाकरी सोडली. उमाबाईनंतर यशवंतरावही १७५४ मध्ये मरण पावला. त्रिंबकराव (दुसरा) याच्याकडे सेनापतिपद नावापुरतेच उरले.

दाभाड्यांचे मुतालिक असलेले गायकवाड बडोद्याचे संस्थानिक झाले, तर त्यांचे धनी तळेगावचे इनामदार म्हणून राहिले. दाभाड्यांचा अधिकार छत्रपतींच्या सनदेवर उभा होता. त्या सनदेमागील राजसत्ता क्षीण होताच मुलूख व फौज प्रत्यक्ष हाती असलेला मुतालिक वरचढ ठरला. छत्रपतींची सत्ता पेशव्यांकडे कशी गेली, हे या घराण्याच्या इतिहासावरून स्पष्ट होते. तळेगावच्या बनेश्वर मंदिराच्या परिसरात खंडेराव व उमाबाई यांच्या समाध्या आहेत.