विश्लेषण : बलाढ्य नौदले असूनही तांबडा समुद्र असुरक्षित का राहिला?

येमेनमधील हुथी बंडखोरांनी १९ नोव्हेंबर २०२३ रोजी ‘गॅलेक्सी लीडर’ हे मालवाहू जहाज ताब्यात घेतले आणि पुढे इतर जहाजांवर ड्रोन व क्षेपणास्त्रे डागली. डिसेंबरमध्ये अमेरिकेने आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये युरोपीय संघाने संरक्षण मोहीम सुरू केली. तरीही अनेक बड्या कंपन्यांनी सुएझ कालवा टाळून आफ्रिकेला वळसा घालणे पसंत केले. प्रवास साधारण १० ते १४ दिवसांनी लांबला. असे का झाले?

खर्चाचे गणित काय?

युद्धनौकांनी अनेक ड्रोन व क्षेपणास्त्रे हवेतच पाडली. मात्र काही हजार डॉलरच्या ड्रोनवर सुमारे २० लाख डॉलरचे क्षेपणास्त्र खर्ची पडत होते. शिवाय नौकेवरील साठा संपला, की तो भरण्यासाठी बंदर गाठावे लागते.

तळच का उद्ध्वस्त केले नाहीत?

अमेरिका व ब्रिटनने जानेवारी २०२४ पासून येमेनमध्ये हवाई हल्ले केले. पण डोंगराळ भागात लपवलेले, सतत जागा बदलणारे प्रक्षेपक शोधणे अवघड असते. मे २०२५ मध्ये ओमानच्या मध्यस्थीने अमेरिका व हुथींमध्ये शस्त्रविराम झाला. त्यानंतरही जुलैमध्ये हुथींनी ‘मॅजिक सीज’ आणि ‘इटर्निटी सी’ ही दोन व्यापारी जहाजे बुडवली.

चाच्यांविरुद्ध यश, मग इथे का नाही?

मार्च २०२४ मध्ये ‘आयएनएस कोलकाता’ने ‘रुएन’ जहाजावरील ३५ सोमाली चाच्यांना शरण आणले आणि मुंबईत पोलिसांच्या ताब्यात दिले. चाच्यांना जहाजापर्यंत यावे लागते, त्यामुळे त्यांना गाठता येते. क्षेपणास्त्र मात्र किनाऱ्यावरून येते आणि डागणारा समोर नसतो.

अंतिम निर्णय कोणाचा?

नौदलाला प्रत्येक हल्ला परतवावा लागतो. हल्लेखोराला एक यश पुरते. ६ मार्च २०२४ रोजी ‘ट्रू कॉन्फिडन्स’वरील हल्ल्यात तीन खलाशी ठार झाले. २१ जणांना ‘आयएनएस कोलकाता’ने वाचवले, त्यांत एक भारतीय होता. अशा एका घटनेनेही विम्याचा हप्ता वाढतो, खलाशी धास्तावतात आणि कंपनी मार्ग बदलते. युद्धनौका जहाज वाचवू शकते. मार्ग सुरक्षित आहे की नाही, हे मात्र विमा कंपन्या आणि जहाजमालक ठरवतात. त्यांचा विश्वास परतायचा, तर हल्ले थांबावे लागतात आणि ते काम अखेर राजकीय तोडग्याचे आहे.