कंदिलाचा उजेड आणि पडद्यावरचे भय

जुन्या काळातली भयकथा पडद्यावर आणताना छायालेखकापुढे पहिला प्रश्न भुताचा नसतो, दिव्याचा असतो. या खोलीत उजेड येतो कुठून?

१९४९च्या ‘महल’चे छायालेखन जोसेफ विर्शिंग या जर्मन छायालेखकाने केले. दाट सावल्यांची जर्मन रीत त्यातून आपल्या प्रेक्षकांच्या चांगलीच ओळखीची झाली. २०१८च्या ‘तुंबाड’ने वेगळी वाट धरली. दिग्दर्शक राही अनिल बर्वे, छायालेखक पंकज कुमार. १९१८पासूनची ही कथा चित्रित करताना त्यांनी खऱ्या पावसाची वाट पाहत अनेक पावसाळे घालवले. दिवसा ढगाळ, करडा उजेड आणि रात्री कंदील. छायालेखनाचा फिल्मफेअर पुरस्कार त्यांना मिळाला.

कंदिलाने भीती का वाढते, हे डॉक्टर म्हणून सांगतो. अंधुक उजेडात डोळ्यातल्या दंडपेशी काम करतात. त्यांना रंग कळत नाहीत आणि अंधाराला पुरते सरावायला त्यांना सुमारे अर्धा तास लागतो. कंदील डोळ्यांजवळ आला की तो सराव मोडतो. म्हणजे ज्याच्या हाती दिवा, त्यालाच पलीकडचे सर्वांत कमी दिसते. जुन्या भयकथेचे मर्म इथेच आहे.

दूरचित्रवाणीची अडचण वेगळी. आपण मालिका ट्यूबलाइटखाली पाहतो, तिथे पडद्यावरचा अंधार नुसता काळा ठिपका होतो. २०१९मध्ये ‘गेम ऑफ थ्रोन्स’च्या एका भागात काहीच दिसत नाही, अशी तक्रार जगभरच्या प्रेक्षकांनी केली होती. त्याच वर्षी आलेल्या ‘रात्रीस खेळ चाले’च्या दुसऱ्या पर्वासारख्या दैनंदिन मालिकेला तर पावसाळ्यांची वाट पाहणेही परवडत नाही. मग सगळीकडे सारखा उजेड टाकला जातो आणि जुना काळ फक्त कपड्यांत उरतो.

यात आपले काम आहे. १८७४च्या जयविलास राजवाड्यातल्या साडेतीन-साडेतीन टनांच्या झुंबरांची नोंद झाली. लष्करातल्या आपल्या वाड्यांमधला उजेड कुणी लिहून ठेवला? आमच्या जैन घरात सूर्यास्तापूर्वी जेवणे उरकत, म्हणून रात्री स्वयंपाकघर अंधारेच असे. तिथे दिवा लावणारा दिग्दर्शक चुकेल. पण आपण सांगितलेच नाही, तर त्याला कळणार कसे?

घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा: समई कुठे, जिन्यातला कंदील कोणत्या खुंटीवर, दिवा शेवटी कोण मालवी? आणि उत्तरे वहीत उतरवून ठेवा.