स्वस्त देशातील वास्तव्य आणि स्वतंत्र कलाव्यवसाय

लेखन, भाषांतर, बोधचित्रे, छायाचित्रण, चित्रफितींचे संकलन, संगीत यांपैकी एखाद्या कामावर नोकरीविना उपजीविका करायची आणि राहण्यासाठी आपल्या देशाहून स्वस्त देश निवडायचा, ही प्रथा युरोप-अमेरिकेतील कलावंतांत जुनी आहे. मोबदला महाग देशाच्या दराने आणि खर्च स्वस्त देशाच्या दराने, एवढेच तिचे अर्थशास्त्र. इंटरनेटमुळे ती पसरली आणि २०२० नंतर अनेक देशांनी अशा लोकांसाठी स्वतंत्र व्हिसा सुरू केले.

हिंगोलीसारख्या जिल्ह्यातून पाहिले तर हे गणित उलटे दिसते. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला हा पाच तालुक्यांचा जिल्हा प्रामुख्याने शेतीवर, सोयाबीन, कापूस व हळदीवर जगतो. येथून कामासाठी नांदेड, छत्रपती संभाजीनगर किंवा पुण्यास जाणारा तरुण महाग ठिकाणी जात असतो. ज्याला मोबदला डॉलरमध्ये मिळतो, त्याला वसमत किंवा कळमनुरी हेच स्वस्त गाव आहे. ज्याला तो मराठी प्रकाशनांकडून रुपयांत मिळतो, त्याला बँकॉक स्वस्त पडत नाही. त्यामुळे देशाची निवड करण्यापूर्वी मोबदला कोणत्या चलनात येतो, हे पाहावे लागते. चित्र, संगीत व संकलन भाषेची सीमा सहज ओलांडतात. मराठी लेखनाला मात्र ग्राहक मराठीच लागतो.

व्हिसाच्या अटी हा पहिला अडसर. थायलंडने जुलै २०२४ मध्ये पाच वर्षे मुदतीचा व्हिसा आणला. त्यावर एका प्रवेशात १८० दिवस राहता येते. मात्र पाच लाख बाथ, म्हणजे साधारण १३ ते १४ लाख रुपये, बँकेत असल्याचा पुरावा द्यावा लागतो. मलेशियाने २०२२ मध्ये सुरू केलेल्या योजनेत डिजिटल क्षेत्रातील व्यावसायिकाचे वार्षिक उत्पन्न किमान २४ हजार डॉलर हवे. इंडोनेशियाची अट ६० हजार डॉलरची, म्हणजे ५० लाख रुपयांहून अधिक उत्पन्नाची आहे. या अटी टाळण्यासाठी पर्यटक व्हिसावर जाऊन काम करणे धोक्याचे असते. तो व्हिसा कामासाठी नसतो आणि पकडले गेल्यास दंड, हकालपट्टी व पुनःप्रवेशबंदी होऊ शकते.

भारतीयांसाठी नेपाळ हा अपवाद आहे. ३१ जुलै १९५० च्या मैत्री कराराच्या सातव्या कलमाने दोन्ही देशांच्या नागरिकांना परस्परांच्या भूमीत निवास, व्यापार व संचाराबाबत समान वागणूक मान्य केली आहे. त्यामुळे व्हिसा लागत नाही. शंभर भारतीय रुपयांचे १६० नेपाळी रुपये हा दर १९९३ पासून स्थिर आहे. तथापि बराचसा माल भारतातूनच जात असल्याने काठमांडू फार स्वस्त पडत नाही. वर्षात १८३ दिवस राहिल्यास तेथील करही लागू होतो.

भारतातील कर सुटतो, हा समज चुकीचा आहे. आर्थिक वर्षात १८२ दिवस भारतात राहिलेली व्यक्ती निवासी ठरते आणि तिच्या जगभरच्या उत्पन्नावर येथे कर लागतो. काही प्रसंगी याहून कमी दिवसही पुरतात. अनिवासी झाल्यास भारतातून मिळणाऱ्या उत्पन्नावर कर राहतोच. वर उल्लेखिलेल्या चारही देशांशी भारताचे दुहेरी करआकारणी टाळण्याचे करार आहेत. त्यांचा लाभ घेण्यासाठी तेथील निवासाचा दाखला लागतो. परदेशी दीर्घकाळ स्थायिक होताना येथील बचत खाते अनिवासी खात्यात बदलून घेणे बंधनकारक आहे.

फसवणुकीचा धोका सर्वांत गंभीर. थायलंडमध्ये संगणकीय कामाचे आमिष दाखवून नेलेल्या भारतीय तरुणांना सीमेपलीकडे म्यानमारमधील म्यावाडी भागात डांबून सायबर गुन्हे करायला लावल्याचे प्रकार उघड झाले. परराष्ट्र मंत्रालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये त्याबाबत इशारा दिला. मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या विमानांनी सुमारे साडेपाचशे जणांना परत आणले. स्वतंत्र व्यावसायिकाला ग्राहक हवा असतो, दलाल नव्हे. तिकीट व निवास देऊ करणारा मध्यस्थ प्रत्यक्षात नोकरीच देत असतो. अशा भरती एजंटाची नोंदणी मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासता येते.

हिंगोलीच्या कुटुंबाला एक बाब विशेष लागू पडते. परकीय चलन कायद्यानुसार अनिवासी भारतीयाला शेतजमीन विकत घेता येत नाही. निवासी असताना घेतलेली किंवा वारसाहक्काने आलेली जमीन त्याच्याकडे राहू शकते. पण परदेशातील कमाईतून शेजारचे दोन एकर स्वतःच्या नावावर घेण्याचा बेत असेल, तर सातबाऱ्यावर ते नाव चढणार नाही. ज्या घरांत बचत म्हणजे जमीन, तेथे याचा विचार पारपत्र काढण्याआधी व्हायला हवा.